पीएस२ (प्लेस्टेशन २) वर पीएस१ ची काळी सीडी चालत नाही: दर चतुर्थीला येणारी अडचण

"दादा, प्लेस्टेशन चालू होतो, पीएस२ चा गेम लागतो, पण जुनी काळी सीडी घातली की काहीच नाही." चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात हे वाक्य मला दरवर्षी ऐकायला मिळतं. कधी फोंड्याच्या बाजारात माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं) सामान घेताना, कधी रात्री अकरा वाजता फोनवर. विचारणारे बदलतात, तक्रार तीच. आणि तक्रार तीच असते म्हणूनच माणूस फसतो, कारण तिच्यामागचं कारण बहुतेक वेळा वेगळं निघतं.

माझंच सांगतो. आमच्या मूळ घरातला पीएस२ मामाने आखातातून आणलेला, जुना फॅट, म्हणजे सुरुवातीचा जाड कन्सोल (नंतरचा पातळ तो स्लिम). एका चतुर्थीला काळ्या सीड्या चालेनात. उघडला, लेन्स पुसली, सुरू झाला. पुढच्या चतुर्थीला पुन्हा तेच. पुन्हा पुसली, फरक नाही. दुरुस्तीच्या एका दुकानात नेला, त्यांनी "लेन्स गेली" म्हणून नवी घातली, पैसे घेतले. घरी आणून लावला, टीव्ही तसाच काळा. लेन्सचा काही संबंधच नव्हता. त्या वर्षी घरात नवा टीव्ही आला होता, आणि दोष टीव्हीमागच्या अडॅप्टरमध्ये होता. तेव्हापासून मी स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी दोन गोष्टी बघतो: सीडीचा रंग आणि गेमचा आवाज.

आधी सीडी उलटी करा

पीएस१ च्या सीडीची खालची बाजू काळी असते. पीएस२ चे काही गेम सीडीवर आले, त्यांची खालची बाजू निळसर असते. पीएस२ चे बाकीचे गेम डीव्हीडीवर, खाली चंदेरी. हा फरक दिसण्यापुरता नाही. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो आणि डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा, म्हणून पीएस२ च्या एकाच लेन्सखाली दोन वेगळे लेझर आहेत. एक थकला तरी दुसरा ठणठणीत असू शकतो.

म्हणून तिन्ही रंगांची एकेक डिस्क घालून बघा. निळी घरात नसेल तर गाण्यांची साधी ऑडिओ सीडी घाला. काळी चालत नाही, निळी किंवा ऑडिओही चालत नाही, चंदेरी चालते: सीडीचा लेझर किंवा त्याची जुळणी बिघडलीय. तिन्ही चालत नाहीत, किंवा कधी चालतात कधी नाही: लेन्स दमट किंवा मळकी आहे, नाहीतर तिची सरकायची पट्टी घट्ट झालीय. ऑडिओ सीडी छान वाजते, निळीही चालते आणि फक्त काळीच रुसते: मग लेन्सला हात लावू नका. कारण दुसरीकडे आहे.

बाजारात मिळायच्या त्या कॉपी केलेल्या सीड्यांवर ही तपासणी करू नका. घरी लिहिलेली डिस्क परावर्तन कमी देते, आणि म्हातारा लेझर सगळ्यात आधी तिच्यावरच अडखळतो. त्यावरून मूळ सीडीचं काहीच ठरत नाही.

मग आवाज ऐका

आमच्या घरचं कोडं इथेच सुटलं. पीएस२ ला मागे लावायचा एक छोटा एचडीएमआय अडॅप्टर मिळतो. त्याच्या कडेला इअरफोनचं भोक असतं. काळी सीडी घातली, टीव्हीवर "नो सिग्नल" आलं, आणि आतेभावाने सहज आपले इअरफोन त्या भोकात घातले. एका कानात गेमचं संगीत वाजत होतं! गेम सुरू होऊन मेन्यूवर थांबला होता, आम्हाला फक्त दिसत नव्हता.

कारण असं. पीएस१ चे बहुतेक गेम चित्र अर्ध्या ओळींत काढतात, २४० ओळी, आपल्याकडच्या पाल या टीव्हीच्या पद्धतीत २८८. पीएस२ चे बहुतेक गेम एकाआड एक ओळी टाकत ४८० किंवा ५७६ ओळींचं चित्र देतात. स्वस्त अडॅप्टर आलेलं चित्र जसंच्या तसं डिजिटल करून पुढे ढकलतो, मोठं करत नाही. एचडीएमआयवर २४० किंवा २८८ ओळी आल्या की पुष्कळ टीव्ही ते चित्र ओळखतच नाहीत. म्हणून पीएस२ चा मेन्यू दिसतो, चंदेरी डिस्क दिसते, काळी लावली की अंधार.

उपाय फुकटचा आहे. कन्सोलबरोबर आलेली लाल-पांढरी-पिवळी वायर शोधा आणि टीव्हीला थेट लावा. पिवळ्या पिनेतून आलेलं हे चित्र बहुतेक टीव्ही घेतात. थोडं धूसर दिसेल, पण दिसेल. नव्या टीव्हीला तीन भोकं नसतील तर एव्ही लिहिलेलं एकच भोक असतं, त्याला टीव्हीबरोबर आलेली छोटी जोडवायर लागते. ती बहुधा खोक्यातच पडून असते. कायमचा इलाज हवा असेल तर २४० ओळींचं चित्र स्वतः ओळखून मोठं करणारा कन्व्हर्टर घ्या. घेताना दुकानदाराला नेमकं हेच विचारा.

अडॅप्टर वापरत असाल आणि रंगच फिसकटलेले असतील, तर पीएस२ च्या सिस्टम कॉन्फिगरेशनमध्ये जाऊन कॉम्पोनंट व्हिडिओ आउट आरजीबीवरून वाय सीबी सीआर असं लिहिलेल्या पर्यायावर न्या.

लेन्स दमट झाली असेल तर

हे आपलं खास दुखणं. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा जून ते सप्टेंबरमध्ये. मेच्या सुट्टीत खेळून झालं की आपण कन्सोल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवतो. चिऱ्याची भिंत, बंद कपाट, आणि पिशवीत कोंडलेली मेची दमट हवा. चतुर्थीला पाऊस पुरता गेलेलाही नसतो तेव्हा तो बाहेर निघतो आणि पाच मिनिटांत चालू होतो. असं करू नका. निदान एक दिवस आधी काढा, झाकण उघडं ठेवून पंख्याच्या हवेत ठेवा. उन्हात नको, आणि हेअर ड्रायर तर नकोच. यावर्षी मी आत बघितलेल्या तीन कन्सोलपैकी दोन नुसते वाळवून चालू झाले.

तरी नाही झाला तर लेन्स बघा. स्लिममध्ये झाकण उघडलं की समोरच आहे. फॅटमध्ये वरचा पत्रा काढावा लागतो. वीज काढा, मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा. चांगली लेन्स निळसर जांभळी चमकते आणि तिच्यात दिव्याचं प्रतिबिंब टोकदार दिसतं. आमची बघितली तेव्हा तिच्यावर आरशावर फुंकर मारल्यासारखा पांढुरका पडदा होता, आणि कडेला केसाएवढ्या बारीक रेघांची जाळी. ती बुरशी. जुन्या कॅमेऱ्याच्या लेन्सवर धरते तशीच.

कापूस गुंडाळलेली काडी, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. काडी ओली, पण ठिबकणारी नको. लेन्स चार बारीक तारांवर तरंगत असते, म्हणून काडीचं नुसतं वजन पडू द्या, बोट दाबू नका. मधून बाहेर एकदाच गोल फिरवा, मग कोरड्या काडीने एकदा. घासायला जाल तर वरचा लेप निघेल. तोंडाने फुंकर तर कधीच नको, थुंकीतला ओलावा आणि क्षार तिथेच बसतात. जुन्या कॅसेटच्या टीव्ही गेमला आपण सगळेच फुंकर मारायचो, तेव्हाही तिच्याने पिना हिरव्याच व्हायच्या.

लेन्स पुसताना तिच्या दोन्ही बाजूंच्या दांड्याही बघा. जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं की लेन्स डिस्कच्या कडेपर्यंत सरकत नाही. गेम सुरू होतो आणि ठरावीक जागी अडकतो तेव्हा बहुधा हेच असतं. जुनं ग्रीस पुसून प्लास्टिकला चालणारं पातळ ग्रीस मोहरीएवढं लावा.

लेझरची ताकद वाढवायला बारीक पेचकसाने फिरवायचा एक छोटा स्क्रू असतो, व्हिडिओंमध्ये तो फार सहज फिरवून दाखवतात. फिरवू नका. महिनाभर चालतो आणि मग लेझर कायमचा जातो.

ठेवणीबद्दल एकच: पिशवी काढा, सुती कापडात गुंडाळा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात पंधरवड्यातून एकदा अर्धा तास चालू करा. आतली ऊब सगळ्यात चांगलं वाळवते. गडगडाट असेल त्या दिवशी मात्र प्लगला हात लावू नका.

लाल पडदा आला तर

लालसर पडद्यावर "प्लेस्टेशन किंवा प्लेस्टेशन २ ची डिस्क घाला" अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येत असेल, तर डिस्क वाचली जातेय पण कन्सोल ती मानत नाही. ओरखडे सोडले तर दोन कारणं: कॉपी केलेली डिस्क, नाहीतर दुसऱ्या विभागाची (एका विभागासाठी काढलेली डिस्क दुसऱ्या विभागाचा कन्सोल घेत नाही). आपल्याकडे हे दुसरं पुष्कळ दिसतं. घरातला एक माणूस आखातात, दुसरा जहाजावर, त्यामुळे कन्सोल पाल विभागाचा आणि डिस्क अमेरिकेच्या बंदरात घेतलेली. डिस्कच्या खोक्यावरची विभागाची खूण बघा. दुरुस्त करण्यासारखं यात काही नाही.

कन्सोल खरोखरच नाकारतो तेव्हा

पीएस२ मार्च २००० मध्ये जपानमध्ये आला तेव्हा जुने गेम चालवण्याची सोय सोनीने फार देखणी केली होती. पीएस१ चा मुख्य प्रोसेसर त्यांनी पीएस२ मध्ये खराच बसवला. पीएस२ चा गेम चालू असताना तो जॉयस्टिक, मेमरी कार्ड आणि डिस्कची कामं बघतो, ३६.८६ मेगाहर्ट्झने. काळी सीडी घातली की तोच ३३.८७ मेगाहर्ट्झवर उतरतो, म्हणजे पीएस१ च्या मूळ वेगावर, आणि गेम हाती घेतो. पीएस१ ची चित्र काढणारी चिप मात्र आत नाही, ते काम पीएस२ स्वतःच्या चिप आणि सॉफ्टवेअरने निभावून नेतो. मोठा भाऊ बाजूला सरतो आणि धाकट्याला पुढे करतो, असं मला ते नेहमी वाटतं.

हे सांगण्याचं कारण मॉडेल नंबर. कन्सोलखालच्या चिठ्ठीवर एससीपीएच आणि पुढे आकडा असतो. ७५००० पासून पुढच्या स्लिममध्ये तो खरा प्रोसेसर काढून त्या जागी पॉवरपीसी चिप आली, आणि ती जुन्या प्रोसेसरची नक्कल करते. बहुतेक गेम तिच्यावर चालतात, काही नेमके अडतात. तुमच्या स्लिमवर बाकी सगळ्या काळ्या सीड्या चालतात आणि एकच रुसते, तर ती सीडी एखाद्या ओळखीच्या घरी फॅटवर लावून बघा, मगच दोष ठरवा.

आणखी एक बारीक खोच: डिस्क न घालता येणाऱ्या मुख्य मेन्यूतल्या व्हर्जन इन्फर्मेशनमध्ये प्लेस्टेशन ड्रायव्हर निवडून त्रिकोण दाबला की डिस्क स्पीड आणि टेक्स्चर मॅपिंग असे दोन पर्याय दिसतात. भावंडांपैकी कुणीतरी "फास्ट" करून ठेवलेलं असतं आणि गेम मध्येच थिजतो. दोन्ही स्टँडर्डवर न्या. कन्सोल बंद केला की हे आपोआप मूळपदावर येतं, म्हणूनच कधी चालतो, कधी नाही, असं वाटत राहतं.

सेव्ह होत नाही

ही तर वेगळी अडचणच नाही, पण विचारतात सगळे. पीएस१ चा गेम पीएस२ च्या ८ एमबी कार्डावर सेव्ह करत नाही. त्याला पीएस१ चंच कार्ड लागतं, १२८ केबीचं, १५ ब्लॉकचं. पीएस२ च्या मुख्य मेन्यूतल्या ब्राउझरमधून जुन्या कार्डावरचे सेव्ह पीएस२ च्या कार्डावर कॉपी करून जपता येतात, खेळताना परत जुन्या कार्डावर आणावे लागतात. हे आजच करा. त्या कार्डांत बॅटरी नसते, त्यामुळे ती वर्षानुवर्षं टिकतात, पण खारट हवेत पिना हिरव्या पडतात. अल्कोहोलची काडी त्यांनाही फिरवा.

नवा कन्सोल घेऊन सुटेल का

पीएस३ घेतलात तर काळी सीडी कुठल्याही पीएस३ वर चालते. पीएस२ च्या डिस्क फक्त सुरुवातीच्या पीएस३ वर, २००७ मध्ये आलेल्या ४० जीबी मॉडेलपासून ती सोय गेली. पीएस४ आणि पीएस५ सीडी वाचतच नाहीत, तिथे काळी डिस्क घालून उपयोग नाही.

एम्युलेटरवर नेताना अडतं कुठे

मी आता सगळ्यांना सांगतो: सीडी वाचली जातेय तोवर तिची प्रत काढून ठेवा. यूएसबीचा साधा डीव्हीडी ड्राइव्ह काळी सीडीही वाचतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ कायदेशीरपणे जवळ असलेल्या संगणक प्रोग्रामची, नुकसानापासून बचाव म्हणून, प्रत करू देतं. दुसऱ्याची डिस्क किंवा उतरवून घेतलेली फाइल त्यात बसत नाही. ही प्रत संगणकावर एम्युलेटर, म्हणजे कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्राम, चालवतो: पीएस१ साठी डकस्टेशन, पीएस२ साठी पीसीएसएक्स२.

दोघांनाही कन्सोलची बायोस फाइल, म्हणजे कन्सोल सुरू करणारा आतला प्रोग्राम, लागते. ती सोनीची आहे, म्हणून एम्युलेटरबरोबर येत नाही. आपल्याच कन्सोलमधून काढायची. पीएस१ ची बायोस नेमकी ५१२ केबीची असते. तुमची कमी-जास्त भरली तर ती अर्धवट आहे, काळ्या पडद्याचं कारण तिथेच शोधा.

गेम चालतो पण संगीत नाही, ही तक्रार फार. पीएस१ च्या काही गेमांत संगीत सीडीवर गाण्यांसारखं वेगळं साठवलेलं असतं. त्यामुळे प्रत आयएसओ या एकाच फाइलच्या प्रकारात काढली की ते सुटतं. प्रत बिन आणि क्यू अशा जोडीत काढा. क्यू ही साधी मजकुराची फाइल, तिच्यात बिनचं नाव लिहिलेलं असतं. माझ्या मावसबहिणीने बिन फायलींना नीटनेटकी मराठी नावं दिली आणि एकही गेम उघडेना! नोटपॅडमध्ये क्यू उघडून आतलं नाव बदललं की झालं. सगळं नीट चालतंय ना, बघून मग ती जोडी सीएचडी या दाबून लहान केलेल्या प्रकारात बदला, एकच फाइल राहते आणि जागाही वाचते.

आपल्या पाल डिस्कांची एक खास गाठ आहे. त्यांतल्या काहींवर लिबक्रिप्ट नावाचं कॉपी संरक्षण होतं. त्याची खूण सीडीच्या ज्या उपचॅनेलात असते ते साध्या प्रतीत येत नाही, आणि गेम सुरू होऊन पुढे कुठेतरी मुद्दाम थांबतो. त्याला जोडीला ती खूण असलेली एसबीआय फाइल लागते. डकस्टेशन हे आधीच सांगतो, तो इशारा वाचा, पटकन बंद करू नका.

चित्र सरकताना दचकतं, तेही पालमुळेच. आपला गेम सेकंदाला ५० चित्रं देतो, लॅपटॉपचा पडदा ६० वेळा बदलतो. म्हणजे दर पाचवं चित्र दोनदा दिसतं, गाडीच्या शर्यतीत ते डोळ्याला टोचतं. ग्राफिक्स कार्ड बदलून हे जात नाही. लॅपटॉप टीव्हीला एचडीएमआयने जोडा आणि विंडोजमध्ये त्या पडद्याचा रिफ्रेश रेट ५० हर्ट्झ करा. आपल्याकडचे बहुतेक टीव्ही ५० घेतात.

आणि सेव्ह स्टेट. एका कळीवर खेळ आहे तिथे गोठवता येतो म्हणून मुलं फक्त तोच वापरतात. तो म्हणजे त्या क्षणाच्या संपूर्ण मेमरीचा फोटो, त्या एम्युलेटरच्या त्या आवृत्तीने काढलेला. आवृत्ती बदलली की फोटो उघडेलच असं नाही. गेल्या मेमध्ये भाच्याची सगळी सुट्टी अशी गेली, आणि त्याचा चेहरा बघवत नव्हता. गेममधल्या मेन्यूतून मेमरी कार्डावर सेव्ह करायचं. डकस्टेशनचं कार्ड १२८ केबीची एक फाइल असते, ती पेन ड्राइव्हवर टाकून ठेवता येते आणि नव्या आवृत्तीतही उघडते.

एका गोष्टीला मात्र एम्युलेटर आणि अडॅप्टर दोन्ही पुरत नाहीत: पीएस१ ची बंदूक. जुन्या टीव्हीत काचेमागचा किरण एकेक ओळ रंगवत जातो, आणि तो बंदुकीच्या नेमासमोर कोणत्या क्षणी आला यावरून ती नेम ओळखते. एलईडी टीव्हीवर असा किरणच नाही, त्यामुळे तिथे ती कितीही पुसली तरी मुकी राहते. आमच्याकडे तेवढ्यासाठी माळ्यावरचा जुना डबा टीव्ही ठेवलाय. चतुर्थीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं भाऊ तो खाली उतरवतो, पिवळी वायर लावतो, आणि मामाचा फॅट त्याच्यावर ठेवतो.